रोटाला परका हात

"आधी उघडून बघा, मग सही करा," असं मी म्हणेपर्यंत त्या गृहस्थाने सही ठोकून खोकं काखोटीला मारलंसुद्धा. लोकांना कसली घाई असते देव जाणे. उद्या हाच माणूस येऊन माझ्या डोक्यावर बसणार, की आतला मिक्सर फुटका निघाला, आणि मी त्याला त्याचीच सही दाखवणार. आमलीतल्या कुरियरच्या ऑफिसात खिडकीवर बसून मला हेच काम असतं. आलेलं द्यायचं आणि न आलेल्याबद्दल बोलणी खायची.

तो हलला तेव्हा त्याच्यामागे ती पोरगी दिसली. सकाळी येऊन गेली होती, आता पुन्हा आली होती.

खिडकीवर बसून बसून मला एक कळलंय. पार्सल हरवलं म्हणून जो आरडाओरडा करतो, त्याचं फार काही गेलेलं नसतं. चपलांचा जोड असतो, नाहीतर चार्जर. ज्याचा जीव खरोखर त्यात अडकलेला असतो तो हळू बोलतो. तशा माणसाची मला धास्ती वाटते. ही पोरगी इतकी हळू बोलत होती की मला पंखा बंद करावा लागला.

नाव ममता. अथालकडच्या धाग्याच्या कंपनीत कामाला, राहायला इथेच आमलीत, आणखी काही मुलींबरोबर एका खोलीत. पार्सल धुळ्याकडून, आजीने पाठवलेलं. मी नंबर टाकून बघितला. वापीला पोचलं होतं, म्हणजे दुसऱ्या दिवशी आमच्याकडे येणार. तसं सांगितलं तरी ती हलेना. आत काय आहे विचारलं, तर म्हणाली, रोट आहे.

मी कपाळाला हात लावला. मी स्वतः शिरपूरकडची, मला कोणी रोट समजावून सांगायला नको. आमच्या खानदेशात श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी, घरोघर कानबाई देवी बसते. माणशी मुठी मोजून गहू दळतात, त्याचे जाड पुऱ्यांसारखे रोट करतात, आणि ते फक्त भाऊबंदांनी खायचे. परक्याला कण द्यायचा नाही, परक्याचा हात लागू द्यायचा नाही, खाली सांडू द्यायचा नाही, आणि पौर्णिमेपर्यंत संपवायचे. लेक लग्न होऊन गेली की तीसुद्धा परकीच. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या श्रावणात मी माहेरी गेले होते आणि सगळे रोट खात असताना नुसती बघत बसले होते. इतकं रडू आलं होतं मला तेव्हा.

असला रोट कोणी कुरियरने पाठवतं का, म्हणून मी ममताला झाडलं. अगं बाई, इथे येईपर्यंत तो किती जणांच्या हातांतून जातो, कोण कुठला, काय खाऊन आलेला. ती ऐकून घेत राहिली. मग खिडकीच्या जाळीला तोंड लावून ती अहिराणीत बोलायला लागली. माझ्या बोलण्यावरून मी तिकडचीच हे तिने ओळखलं होतं, आणि आतल्या माणसांना कळू नये म्हणून ती आपल्या भाषेत शिरली.

"ताई, कोनले सांगू नको. रोटना गठुडामां मनी मायनी पोत शे."

तिच्या आईची सोन्याची पोत, रोटाच्या गाठोड्यात. आई गेल्या दिवाळीत गेली. पोत आजीजवळ होती, पण काकाचा तिच्यावर डोळा. आजी म्हातारी, सोनगीरजवळच्या खेड्यात त्याच काकाच्या घरात राहते. उद्या माझे डोळे मिटले तर पोरीला काही मिळायचं नाही, म्हणून तिने रोटाबरोबर पोत बांधली आणि कुरियरवाल्याला सांगितलं, खाऊ आहे. तिचा हिशेब साधा होता. कानबाईच्या रोटाला हात लावायची कोणाची छाती आहे?

आजीबाई, तुमच्या गावात नसेल. इथून सोनगीरपर्यंत मधे जग आहे.

पण आता बोलून काय उपयोग होता. खाऊ म्हणून आलेल्या पार्सलातलं सोनं गेलं तर कंपनी हात झटकून मोकळी होते, हे तिला मी सांगितलं नाही. उद्या आलं की पहिलं तुझं पार्सल माझ्या हातात घेईन, दुपारी शिफ्ट सुटल्यावर ये, एवढं म्हटलं. बोलता बोलता माझा हात माझ्या गळ्याशी गेला. माझ्या गळ्यात नुसते काळे मणी आहेत, दोऱ्यात ओवलेले. आमच्या ह्यांचा हात प्लॅस्टिकच्या मशिनमध्ये सापडला तेव्हा दवाखान्याच्या खर्चात माझी पोत गेली ती गेलीच. ह्यांची तीन बोटं गेली, म्हणून मी पोतीसाठी कधी रडले नाही. रडले असेन तर एकटी असताना.

ममता गेली आणि मी मागे वळून बघितलं. राखीचा आठवडा होता. पाकिटांचे ढीग पडले होते, आणि त्यांच्या मधोमध माझा धाकटा भाऊ योगेश मांडी घालून बसून ती भागाभागाप्रमाणे लावत होता. नारायण पाठीवर पोतं घेऊन आत येत होता. तो खेरडीचा, वारली, आमच्याकडे माल उतरवतो आणि मागच्या खोलीची चावी त्याच्याकडे असते. त्याला अहिराणीचा शब्द कळत नाही. आमचे मालक कल्पेशभाई फोनवर गुजरातीत कोणाची तरी खरडपट्टी काढत होते. त्यांनाही कळणं शक्य नव्हतं. मला हायसं वाटलं. योगेशला कळलं असणार, पण योगेश तर आपलाच होता.

त्याला मी वाढवलाय. आई लवकर गेली, तेव्हा हा शाळेत जायचा. लग्नानंतर मी त्याला इकडे आणला, शिकवला, कल्पेशभाईंच्या हातापाया पडून इथे डिलिव्हरीला लावला. राहतो आमच्यातच. दर राखीला मला साडी देतो आणि दर राखीला एकच वाक्य बोलतो, "ताई, तुनी पोत मी करी दिसू." तुझी पोत मी करून देईन, म्हणतो. मी म्हणते, आधी स्वतःचं लग्न कर, मग बहिणीचे लाड कर. असा तो. थोडा हळवा, थोडा खुळा, पण मनाने चांगला. असं मी बुधवारपर्यंत शपथेवर सांगितलं असतं.

बुधवारी सकाळपासून आभाळ इतकं खाली आलं होतं की ऑफिसात दिवे लावावे लागले. वापीचा टेम्पो आला, नारायणने पोती उतरवली, योगेशने मशिनवर नंबर घेतले, मी बाहेर टेम्पोवाल्याच्या कागदांवर सह्या करत होते. माझ्या स्क्रीनवर ममताचं पार्सल आल्याचं दिसलं. मी नारायणला हाक मारली, म्हटलं ते धुळ्याचं खोकं मला आणून दे. त्याने रॅक बघितला, पोती बघितली, मग दारात येऊन हात हलवला. नव्हतं. योगेश तोवर गाडी घेऊन डिलिव्हरीला निघून गेला होता. म्हटलं त्याच्या पिशवीत चुकून गेलं असेल. असं होतं कधी कधी. पण मला त्या क्षणापासून चैन पडेना.

दुपारी ममता आली. मी काही बोलायच्या आत तिने माझं तोंड बघितलं आणि खिडकीची कड धरली. योगेश परत आला, त्याची पिशवी रिकामी. मग मी कल्पेशभाईंना सांगितलं आणि आम्ही सगळे शोधायला लागलो. खोकं सापडलं मागच्या खोलीत, पाण्याच्या टाकीमागे. वरची पट्टी ब्लेडने सरळ कापलेली. आत नुसता पेपर होता.

ममताने ते खोकं उलटं करून झटकलं. पुन्हा सरळ केलं, पुन्हा आत हात घालून बघितलं. माझ्याच्याने बघवेना, म्हणून मी तोंड फिरवलं, आणि तेव्हा मला ते दिसलं.

आमच्या खिडकीच्या वर, भिंतीत उंचावर, कल्पेशभाईंनी लाकडी देव्हारा ठोकलाय. त्यात गणपती, अंबाजी आणि एक विजेचा लाल दिवा. सकाळी उदबत्ती लावायला त्यांनाही स्टूल लागतं. त्या देव्हाऱ्यात, गणपतीच्या बाजूला, पांढऱ्या फडक्याचं गाठोडं होतं. नीट दुहेरी गाठ मारलेलं.

मी स्टुलावर चढले आणि गाठोड्यापर्यंत नेलेला हात मागे घेतला. म्हटलं, ममता, तूच काढ. तिने ते खाली घेतलं, मांडीवर ठेवून सोडलं. रोट जसेच्या तसे होते. एकाचाही तुकडा उडालेला नव्हता. पोत नव्हती.

कल्पेशभाई आधी घाबरले, मग चिडले, आणि चिडल्यावर त्यांना हुशारी सुचते. "छायाबेन, चोर पण धार्मिक निकळ्यो," ते म्हणाले. सोनं घेतलं आणि प्रसाद देवाला ठेवला. आणि बोलता बोलता त्यांनी नारायणकडे बघितलं. चावी त्याच्याकडे, सकाळी मागे एकटा तोच होता. उन्हाळ्यात एक मोबाईल गेला होता तोही त्यांना आता आठवला. नारायण भिंतीला पाठ लावून उभा राहिला. त्याने एवढंच म्हटलं, "मी नाय हात लावला, बाय." मालकाला नाही, मला म्हणाला.

आणि मला कळलं, की हे नारायणने केलेलं नाही. कसं कळलं ते सांगते. मागच्या दिवाळीत सुरतहून आलेलं मिठाईचं खोकं फुटलं होतं. तेव्हा आम्ही सगळ्यांनी ती मिठाई खाल्ली. नारायणने हसत हसत दोन तुकडे पोरीसाठी कागदात बांधून नेले. त्याच्या हाती हे गाठोडं लागलं असतं, तर त्याला आत काय दिसलं असतं? जाड, शिळ्या, सुकलेल्या पुऱ्या. त्याने एखादी खाल्ली असती, नाहीतर खोक्यातच टाकून दिल्या असत्या. बिहारचा, सुरतेचा, कुठलाही चोर असता तरी तेच केलं असतं. शिळ्या पुऱ्या पुन्हा फडक्यात बांधून, स्टुलावर चढून, कोणाचा पाय लागणार नाही अशा जागी देवाशेजारी ठेवायला रोट म्हणजे काय ते ठाऊक असावं लागतं. सोनं चोरताना ज्याचा हात कापला नाही, पण रोट जमिनीवर ठेवायला कापला, असा माणूस पाहिजे. म्हणजे आमच्याकडचा.

ममतालाही ते तेवढ्यातच कळलं. तिने गाठोडं छातीशी धरलं आणि माझ्याकडे बघितलं. आवाज अजूनही हळूच होता.

"ज्यानी हाई वर ठेवं, त्याले रोट काय शे ते ठाऊक व्हतं. आनि पोतनं मी फक्त तुलेच सांगेल व्हतं, ताई."

तुलाच सांगितलं होतं. मला काय वाटलं ते कसं सांगू? मी नाही गं, असं म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. कारण मी नाही, तर मग उरलं कोण? ऑफिसात अहिराणी कळणारी दोनच माणसं होतो आम्ही. दुसरा माणूस दाराशी उभा राहून गाडीच्या चावीशी चाळा करत होता.

संध्याकाळी घरी मी भाकरी टाकत होते आणि तो जेवत होता. ह्यांना वॉचमनची दुसरी पाळी, ते घरी नव्हते. मी सरळ विचारू शकले असते. नाही विचारलं. विचारलं की उत्तर येणार, याचीच मला भीती होती. म्हणून आडून विषय काढला. म्हटलं, ज्याने कोणी हे केलं असेल त्याला कानबाई सोडायची नाही.

तो ताटातून वर न बघता म्हणाला, "पन त्यानी रोट खाली त टाका नही ना, ताई. देवजोडे ठेवा."

देवाजवळ ठेवला, म्हणे. तव्यावरची भाकरी जळली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हे. मी ती जळकी भाकरी माझ्या ताटात घेतली आणि त्याला दुसरी वाढली. लहानपणापासूनची सवय, हात आपोआप तसाच चालतो. आपलेच दात, आपलेच ओठ. तो हात धुऊन उठला, मोबाईल घेऊन बाहेर पायरीवर जाऊन बसला, आणि मी भांडी घासत राहिले. स्वच्छ झालेली भांडी पुन्हा घासली.

दुसऱ्या दिवशी कल्पेशभाईंनी चौकीत कळवलं. त्यानंतर नारायणला चौकशीला नेलं. कोणी हात उगारला नाही, की आवाज चढवला नाही. हवालदार आले, त्यांनी नाव विचारलं, आणि नारायण खांद्यावरचा पंचा काढून, घडी करून, रॅकवर ठेवून त्यांच्याबरोबर गेला. तो पंचा तसाच राहिला. येता जाता माझी नजर त्यावर जायची.

शुक्रवारी त्याची बायको खेरडीहून आली. फडक्यात भाकरी बांधून आणली होती. चौकीतून तिला इकडे पाठवलं होतं, की इकडून तिकडे, कोण जाणे. ती ऑफिसच्या पायरीवर बसली. रडली नाही, कोणाला शिव्या दिल्या नाहीत. राख्या पाठवायला आलेल्या बायका तिला ओलांडून येत होत्या. बऱ्याच वेळाने ती उठून माझ्या खिडकीशी आली आणि इतक्या हळू बोलली की मला पुढे वाकावं लागलं.

"बाय, तो कवा येल?"

आणि मी काय म्हटलं असेल? "येईल. उद्यापर्यंत येईल." रोज पार्सलांबद्दल सांगते तसंच. तिने मान हलवली. तिचा माझ्यावर विश्वास बसला. योगेश तेव्हा आत पाकिटं मोजत होता. तो एकदम उठला, अर्धी पाकिटं तिथेच टाकून गाडी काढून निघून गेला.

ममता त्या दिवशीही आली. खिडकीशी आली नाही, समोरच्या पानाच्या टपरीजवळ छत्री धरून उभी राहिली, कंपनीतल्या एका मुलीबरोबर. कपडे कंपनीचेच, केसांत कापसाचे तंतू अडकलेले. मीच बाहेर गेले. ती मुलगी मला टाळून दुसरीकडे बघायला लागली. ममताने सांगितलं की आजीचा रोज फोन येतो. काका जवळ असतो म्हणून आजी पोतीचं नाव काढत नाही. नुसतं विचारते, रोट पोचला का, रोट गोड आहे का. आणि ही रोज सांगते, गोड आहे. खाल्लेला मात्र नव्हता. कोणाचा हात लागलाय ते कळल्याशिवाय कसा खाऊ, म्हणाली, आणि उद्या तर पौर्णिमा. मला तिला हात लावावासा वाटला, पण धीर झाला नाही. ती मला चोर समजत होती, आणि मी चोर नव्हते एवढंच खरं होतं. चोराला जेवायला तर मीच वाढत होते.

राखीच्या दिवशी मी लवकर उठले. ठरवलं असं काही नव्हतं. खोटं कशाला सांगू, मनात हेसुद्धा येऊन गेलं, की गप्प बसलं तर काय होईल? चार दिवस बोभाटा होईल. नारायण आज ना उद्या सुटेल. सुटला नाही तरी तो काय माझा कोण लागतो? असं सगळं मनात येतं माणसाच्या. अंघोळ करून मी ताट केलं, निरांजन लावलं. योगेश नवा शर्ट घालून पाटावर बसला. ह्यांनी दारात खुर्ची टाकली होती. मी त्याला कुंकू लावलं, अक्षता लावल्या, उजव्या हाताला राखी बांधली. पेढा भरवला.

त्याने खिशातून लाल मखमलीची डबी काढली.

"ताई, यंदा साडी नही."

त्याचे डोळे भरून आले होते. इतकी वर्षं बोललेलं वाक्य आज खरं करून दाखवलं, असा त्याचा चेहरा. माझ्या पाठीवर बसून तो पहिल्यांदा शिरपूरच्या जत्रेला गेला होता तेव्हा असाच दिसत होता. मी डबी हातात घेतली, उघडली. नव्या काळ्या मण्यांत ओवलेली पोत. सोनं घासूनपुसून लख्ख केलेलं, पण वाट्या जुन्या घडणीच्या, आमच्याकडच्या जुन्या बायका घालतात तशा. तळहातावर घेतली. जड होती. इतक्या वर्षांनी ते वजन हातावर आलं आणि, देवा, क्षणभर मला बरं वाटलं. हे मी कोणाला सांगणार नव्हते, पण वाटलं हे खरं आहे.

मग मी ती परत डबीत ठेवली.

"ही कोणाची आहे, योगेश?"

तो म्हणाला, तुझी. मी पुन्हा विचारलं. तो राखीकडे बघत बसला. दारातून हे काही बोलायला गेले, मी हाताने थांबवलं.

"रोट मी पायदळी पडू दिना नही, ताई," तो म्हणाला. "देवजोडे ठेवा. हात धुईसन ठेवा."

हात धुऊन ठेवला. त्याला वाटत होतं, एवढं केलं म्हणजे झालं. तेवढं एक तो सांभाळून आला होता, आणि लहान मूल पाटी दाखवतं तसा ते मला दाखवत होता. मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली आणि जवळ घ्यावासाही वाटला. दोन्ही केलं नाही. म्हटलं, तिकडे नारायण बसलाय कोठडीत, त्याची बायको पायरीवर बसून गेली, बघितलंस ना? त्याने मान हलवली. म्हणाला, मला वाटलं कोणाचंच नाव लागणार नाही, पोत वापीलाच कोणी काढली म्हणतील. मी म्हटलं, उठ. तो म्हणाला, ताई, पोत गुपचूप तिला देऊन येतो ना. मी म्हटलं, आणि नारायण?

तो उठला. कुंकू पुसू लागला तर मी पुसू दिलं नाही. असाच चल, म्हटलं. ह्यांनी तीन बोटं नसलेला हात त्याच्या खांद्यावर ठेवला आणि आम्ही तिघं निघालो. रस्त्यात नव्या साड्यांतल्या बायका मिठाईचे डबे घेऊन चालल्या होत्या. एका ओळखीच्या बाईने विचारलं, भावाला घेऊन कुठे निघालात सणाचं? मी म्हटलं, इथेच, जरा काम आहे.

चौकीत फार वेळ लागला. कल्पेशभाई आले, डोक्याला हात लावून बसले. ममतालाही बोलावून घेतलं. तिने डबीत बघितलं आणि हीच म्हणून सांगितलं. पण पोत तिला लगेच मिळणार नव्हती. ती आता मुद्देमाल, कोर्टातून सोडवावी लागेल, कधी ते कोणी सांगेना. आजीला काय सांगू, असं ती हवालदाराला विचारत होती. त्या बिचाऱ्याला त्यातलं काय कळणार?

दुपार कलल्यावर नारायणला सोडलं. तो माझ्यासमोरून गेला. मी उठून उभी राहिले. म्हटलं, नारायण. तो थांबला, माझ्या मागे भिंतीकडे बघितलं आणि निघून गेला. पंचा न्यायला तो ऑफिसात आला नाही. नंतरही कधी आला नाही.

मी आणि ममता बाहेरच्या बाकावर बसलो. पाऊस थांबला होता, पण आभाळ उघडलं नव्हतं. तिने पिशवीतून पांढरं गाठोडं काढलं, मांडीवर ठेवून सोडलं. कोणाचा हात लागला ते आता तिला कळलं होतं, परका असला तरी रोट काय ते जाणणाऱ्याचा, आणि पौर्णिमा तर आजच संपत होती. मग ती एक रोट मोडून खायला लागली. वाळून दगड झाला होता, तिला चावता येत नव्हता, घास घशात अडकत होता. तिने दुसरा तुकडा मोडला, आणि शेजारी माणूस बसलं की आपण करतो तसा, न बघता, माझ्यापुढे धरला. मग तिच्या लक्षात आलं. हात तसाच मधे राहिला.

"मला नाही चालत गं," मी म्हटलं. "तूच संपव."

मी आतून तिला पाणी आणून दिलं. तिने ते घेतलं. माझ्याकडे बघितलं, पहिल्या दिवशी बघितलं होतं तसं, आणि पुन्हा खायला लागली. खाली पडलेला कण वेचून तिने तोही तोंडात टाकला.

अंधारायला लागलं तेव्हा आतून हवालदार एक कागदी पुडकं घेऊन आला. योगेशच्या अंगावरचं सामान होतं. पट्टा, मोबाईल, पाकीट. आत काही ठेवू देत नाहीत, म्हणाला, दोरा पण नाही. पुडक्याच्या एका कडेतून राखीचं लाल रेशीम बाहेर आलं होतं. त्याने माझ्यापुढे कागद धरला आणि म्हणाला, बेन, बघून घ्या आणि मिळालं म्हणून सही करा.

आधी उघडून बघायचं असतं. रोज लोकांना सांगून माझा घसा बसतो. मी न उघडताच सही केली.